माझ्यावाचून काय अडतंय

२ मार्च, रविवार

टकळीनं ही वही देऊन दोन महिने झाले. आज उघडली, तीसुद्धा फोनवर तिनं "लिहितेस ना?" विचारलं आणि माझ्या तोंडून "हो तर" निघून गेलं म्हणून. बोललेलं खोटं खरं करायला बसले आहे.

टकळी म्हणजे माझी लेक. बोलायला लागल्यापासून तोंड बंद नाही, म्हणून ते नाव पडलं. आता अठ्ठावीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिचं म्हणणं, मी रोज स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य लिहायचं. "भात बरा झाला असलं काही चालणार नाही हं आई. भाताबद्दल नको, तुझ्याबद्दल हवं."

अर्धा तास झाला, सुचत नाही. मी कवळ्या करते. दवाखान्यांतून हिरड्यांची मापं येतात, त्यात प्लास्टर ओतून आम्ही माणसाचं तोंड तयार करतो, मेणात एकेक दात लावतो, मग पक्की कवळी होते. तेवीस वर्षं हेच करते आहे. कवळी छान बसली की लोक डॉक्टरांचे आभार मानतात, आणि ते बरोबरच आहे. लोकांच्या तोंडात हात घालायचं धाडस ते करतात, मी नाही.

आजचं वाक्य: मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

६ मार्च, गुरुवार

टकळीचं लग्न ठरलं! मुलगा इमारतींचे नकाशे काढतो. त्याची आई कॉलेजात शिकवते. अठरा एप्रिलला नोंदणी कार्यालयात लग्न, दहा-बारा माणसं, मग एकत्र जेवण. मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं तरी मी तिथंच उभी.

मग म्हणते, "साक्षीदाराची पहिली सही तुझी. आणि जेवताना दोन शब्द बोलायचेस."

मी म्हटलं, "मी? ताईला सांग ना." ताई माझी मोठी बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होती. उभी राहिली की सभा डोलते.

टकळी म्हणाली, "मावशी छान बोलते. पण ती माझी आई नाहीये."

मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली. पोरगी मनानं चांगली आहे.

माझं बोलणं काय लायकीचं आहे ते मला ठाऊक आहे. एकदा ह्यांच्या ऑफिसच्या पार्टीत मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही दात करता म्हणे, मग आमचे कसे वाटतात?" मी बोलून गेले, "दात उत्तम आहेत साहेब, फक्त वर्षातून एकदा तरी लोकांना दिसू द्या." सगळे पोट धरून हसले. साहेबांच्या बायकोनं तर मला ते परत म्हणायला लावलं, शेजारच्या टेबलावरच्यांना ऐकवायला. एवढी फजिती झाली. घरी आल्यावर हे म्हणाले, "तू तोंड उघडलंस की माझी अब्रू जाते. लोक तुला हसतात, कळत कसं नाही?" ते खरं तेच बोलत. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की अजून ते मागे उभे असल्यासारखं वाटतं.

१२ मार्च, बुधवार

लॅबमध्ये एक म्हातारे गृहस्थ आले. निवृत्त पोस्टमन. आधीच्या तीन कवळ्या त्यांना नीट बसल्या नव्हत्या, चौथी माझी. म्हणाले, ही ज्यानं केली त्याला बघायचंय.

मी पॉलिशवालीला म्हटलं, तू जा. ती माझ्या शेजारच्या टेबलावर कवळ्यांना चकाकी आणते, आणि माणसांनाही सोडत नाही. म्हणाली, "मी कशाला जाऊ? बाळंतपण तुझं आणि पेढे मी वाटू?" मी प्लास्टरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. लॅबच्या साहेबांनी त्यांना सांगितलं, बाई आज रजेवर आहेत. तरी ते पाव तास थांबले होते.

जाताना सांगून गेले म्हणे, वरचा डावा दात जरा तिरका लावलाय त्यावरून त्यांच्या बायकोला रडू आलं. तरुणपणी त्यांचा दात तसाच होता. तो मी त्यांच्या जुन्या फोटोवरून घेतला होता, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. नसती उठाठेव. नशीब, तक्रार आली नाही.

फटीतून पाहिलं. कवळी बरी बसली होती.

पॉलिशवाली म्हणाली, "तुझं म्हणजे देव देतो नि कर्म नेतं!" दुपारभर माझ्याशी बोलली नाही. तिला काय झालं होतं कळलं नाही.

२३ मार्च, रविवार

विहीणबाईंचा फोन. आवाज रेडिओवरच्या बाईसारखा. म्हणाल्या, "तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय की कधी एकदा भेटते असं झालंय." मी चार वेळा "हो का" म्हटलं आणि एकदा "बरं बरं". फोन ठेवल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. इतकं ऐकलंय म्हणजे नेमकं काय ऐकलंय? सांगण्यासारखं माझ्यात आहे काय?

संध्याकाळी टकळीचा फोन. बोटांची सुईनं चाळण झालीय म्हणाली आणि खूप हसली. नर्सच्या नोकरीत सुया काय कमी. म्हटलं, जपून गं.

२९ मार्च, शनिवार

टकळीनं पार्सल पाठवलंय. निळा ड्रेस, लग्नात घालायला. कापड चांगलं आहे, पण शिलाई अगदीच नवशिकी. गळ्याचे टाके वाकडे, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. दोन्ही मनगटाच्या खाली येतात, मला लागतात तशा, प्लास्टरनं फाटलेले हात झाकायला. शिंप्यानं चुकून का होईना, बरं केलं.

आधी आनंद झाला. मग लक्षात आलं. माझे कपडे तिच्या सासूसमोर शोभायचे नाहीत, हे तिनं न बोलता सांगितलं. त्यात चूक काही नाही. कुठल्यातरी स्वस्तातल्या शिंप्याकडून उरकून घेतलंय, तेही बरोबर. माझ्यावर कशाला खर्च करायचा. राग आला नाही. घडी घालून कपाटात तळाशी ठेवला.

५ एप्रिल, शनिवार

आज एक नवल झालं. जेवणाच्या सुट्टीत पॉलिशवालीनं मला मापांच्या मांडणीसमोर उभं केलं. "हे बघ, चौतीस जण बसलेत, सगळ्यांचे आ वासलेले. एवढे चांगले श्रोते जन्मात मिळायचे नाहीत. कर सुरू."

मी म्हटलं, "माझी लेक लहानपणी झोपेतही बोलायची. मी मुखदुर्बळ. त्यामुळे घरातलं दोघींचं बोलणं तिनं एकटीनं बोलून टाकलं. कधी मला वाटायचं, देवानं माझ्या वाटचे शब्द चुकून हिच्या पिशवीत टाकले. जावईबापू, आता ऐकायची पाळी तुमची. कंटाळा आला तर मला फोन करा. पण मी काही तिला परत घ्यायची नाही, फक्त तिचं बोलणं ऐकायला फोन कानाला लावून ठेवीन. घर फार शांत झालंय."

पॉलिशवाली आधी हसली, मग ओढणीनं डोळे पुसायला लागली. म्हणाली, "हे असंच बोलायचं. एक शब्द बदललास तर गाठ माझ्याशी आहे."

घरी येऊन ड्रेस घालून पाहिला. आरशात जी बाई होती ती अगदीच वाईट नव्हती.

आजचं वाक्य: मी जाणार आहे, आणि बोलणार आहे.

१० एप्रिल, गुरुवार

टकळीचा फोन. मी म्हटलं, बोलायचं म्हणजे छातीत धडधडतं गं. खरं तर हे तिला गंमत म्हणून सांगत होते. पुढे सांगणारच होते की माझी तयारी झालीय. पण ती लगेच म्हणाली, "मग नको ना बोलूस आई. गप्प राहिलीस तरी चालेल. तू फक्त ये."

गप्प राहिलीस तरी चालेल.

किती सुटल्यासारखं म्हणाली. म्हणजे इतके दिवस तिच्याही मनात धाकधूक होती. बोल म्हणाली ती रीत म्हणून, आणि मी शहाणी चौतीस बोळक्यांसमोर भाषणं ठोकत होते. ह्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. बापलेकीचं एका गोष्टीवर तरी एकमत आहे.

वाक्य नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

ताईला फोन केला. म्हटलं, माझ्याऐवजी सही तू कर, दोन शब्द तू बोल. टकळीला सकाळी सांग की मला ताप आहे. आधी सांगू नकोस, ती धावत येईल.

"लेकीचं लग्न आहे! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तू शोभतेस गं तिथं. मी गेले की मी कुठे चुकते तिकडेच तिचं लक्ष. तिला तिच्या दिवशी तरी मोकळं राहू दे."

"हे तिनं सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं?"

ताई खूप चिडली. मग मी रडले, तेव्हा कबूल झाली. फोन ठेवताना म्हणाली, "आयुष्यभर तुला नाही म्हटलं नाही, हीच माझी चूक झाली बहुतेक." तिच्या बोलण्यात नेहमी असं काहीतरी खोल असतं. मला सगळंच कळतं असं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज वाक्य आपोआप सुचलं. मी माझ्या मुलीसाठी एक मोठी गोष्ट करते आहे आणि ती कुणाला कळणारही नाही.

इतकं शांत कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

१८ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळ

लिहिणार आहे. सगळं लिहिणार आहे.

घरी बसले असते तर रडले असते म्हणून कामावर गेले. साडेअकराची वेळ होती लग्नाची. साडेअकराला मी एका बाईंचे खालचे दात लावत होते. सहा लावले, सहाही काढले. पॉलिशवालीला वाटत होतं लग्न पुढे गेलंय. मीच तसं सांगितलं होतं.

दीड वाजता तीच धावत आली. "अगं, तुझी पोरगी आलीय!"

टकळी दारात उभी. लग्नाचे कपडे, केसांत पांढरी फुलं, हातात औषधांची पिशवी. म्हणाली, "घरी कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, कामावर गेल्यात." आणि जवळ येऊन माझ्या कपाळावर हात ठेवला. मग गळ्याला लावून पाहिला. मग परत कपाळाला. नर्स आहे ती. एवढा वेळ लागत नाही.

"ताप नाहीये."

"नाही."

"उतरला?"

हो म्हणता आलं असतं. तिनं माझ्यासाठी दारच उघडून धरलं होतं. मी काही बोलले नाही, आणि तिला कळलं. तिचा चेहरा मी बघितला. तो लिहिता येणार नाही.

तरीसुद्धा पोरगी म्हणाली, "नोंदणी कार्यालयातले साहेब साडेचारपर्यंत थांबतो म्हणालेत. दोन तासांचा रस्ता आहे. चल."

"अशी?" माझे हात कोपरापर्यंत पांढरे होते.

"अशीच. चल ना आई."

खिडकीतून गाडी दिसत होती. जावई मागचं दार उघडून उभे होते. आत विहीणबाई होत्या, काय नेटक्या दिसत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. या म्हणत होत्या की राहू द्या म्हणत होत्या, मला समजलं नाही. माझे पाय जे जमिनीला चिकटले ते चिकटलेच.

मी म्हटलं, "तुम्ही निघा, उशीर होईल. ताई आहे ना तिथं. माझ्यावाचून काय अडतंय?"

आयुष्यभर हे वाक्य म्हणत आले. कुणी मनावर घेतलं नव्हतं. टकळी म्हणाली, "खरंय. काही अडत नाही." पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, मेणाला लागणार नाही अशी नीट बाजूला, आणि गेली.

पॉलिशवाली ओरडत होती, "अगं बघत काय बसलीस, धाव!" मी हात धुवायला गेले. हात धुऊन मग जाते म्हटलं, तिच्या कपड्यांना डाग नकोत. नखांत घासलं, कोपर घासले. बाहेर आले तर रस्त्यावर गाडी नव्हती.

सात वाजता ताईचा फोन आला. लग्न लागलं. भाषण कुणीच केलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

कामावर गेले नाही. पिशवीत तापाच्या गोळ्या, थर्मामीटर, आणि मला आवडतात ती लिंबाची बिस्किटं.

२२ एप्रिल, मंगळवार

टकळी फोन उचलत नाही. एकदा उचलला आणि म्हणाली, "मी ठीक आहे. माझी काळजी करू नकोस, मी तुझ्या अध्यात ना मध्यात." डोळे कपाळात गेले माझे. ते शब्द तिच्या तोंडी कसे आले? हे तर माझे आहेत.

पॉलिशवालीला सगळं खरं सांगितलं. वाटलं, फाडून खाईल. तिनं काहीच केलं नाही. म्हणाली, "तुला कमी लेखायचं ते लेख बाई, तुझं तू बघ. पण तिनं तुला मोठं मानलं, ते तू खोटं पाडलंस. पोरीला खोटं पाडलंस." मग मशीन सुरू केलं, म्हणून पुढे बोलणं झालं नाही.

२७ एप्रिल, रविवार

जाऊन आले. आठच्या बसनं गेले, न कळवता. दार टकळीनं उघडलं. "ये" म्हणाली. जावयांनी चहा करून दिला आणि कामाचं निमित्त काढून बाहेर गेले. भला माणूस आहे.

टकळी समोर बसली, हात मांडीवर ठेवून. प्रवास कसा झाला, गर्दी होती का, परतीची बस किती वाजता. एवढंच. माझी टकळी, आणि असली गप्प.

मी म्हटलं, "मला तुझी लाज नव्हती वाटत गं. माझी वाटत होती. तुझ्या माणसांत मी शोभले नसते."

"मला कसं कळणार ते?" ती म्हणाली. "मला एवढंच दिसलं की ताप नसताना आई आली नाही. मी न्यायला आले, तरी आली नाही."

"तुझा दिवस चांगला जावा म्हणून..."

"शाळेच्या बक्षीस समारंभालाही म्हणूनच यायची नाहीस का?"

मी म्हटलं, "यायचे मी. फाटकाशी उभी असायचे. तुझं नाव पुकारलं की ऐकून परत फिरायचे." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांना नाही, ताईला नाही.

टकळी म्हणाली, "फाटकाशी? आणि मी समजत होते, माझंच काहीतरी कमी पडतंय. पहिली आले, तू आली नाहीस. म्हणून पुढच्या वर्षी भाषणात भाग घेतला, गाण्यात घेतला, धावण्यात घेतला. म्हटलं, एवढ्यातल्या कशाला तरी येईल. मावशी यायची. दरवेळी मावशी." ती रडत नव्हती. रडली असती तर मला जवळ तरी जाता आलं असतं.

मग म्हणाली, "शेजारच्या खुर्चीवर मी दप्तर ठेवायचे. कुणी बसू नये म्हणून. शिपाईकाका विचारायचे, रिकामी आहे का? मी सांगायचे, आई येतेय."

मला वाटत आलं होतं, मी गेले नाही म्हणजे तिथं काहीच कमी होत नाही. लाज तेवढी वाचते. आणि तिथं आठ-नऊ वर्षांची पोरगी खुर्ची धरून बसलेली असायची. माझ्या नावानं खुर्ची. मला कुणी सांगितलं असतं तरी मी खरं मानलं नसतं.

मी विचारलं, "आणि परवा?" विचारायला नको होतं, पण विचारलं.

"परवाही धरली होती. सकाळी मावशी बसायला लागली, तर मी म्हटलं, ती आईची आहे."

"मग?"

"मग तापाचं कळलं. तुझ्याकडे आलो."

"आणि परत गेल्यावर?"

टकळीनं चहाचे कप उचलले. माझ्याकडे पाठ होती तिची.

"परत गेल्यावर मीच म्हटलं, मावशी, तू बस इथं."